तासभर धावणं आणि तासभर पोहणं, हृदयाचे ठोके दोन्हींत मिनिटाला १४५. मग भारही सारखाच धरायचा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ४१. आठवड्यात तीन दिवस धावणं, दोन दिवस पोहणं, रविवारी सायकल आणि दोन दिवस जिम. सकाळी उठल्यावरची नाडी ५२, धावताना पाहिलेले सर्वांत जास्त ठोके १८४. तासभर धावलात, दुसऱ्या दिवशी तासभर पोहलात, सरासरी दोन्हींत १४५, म्हणून घड्याळाने दोन्हींना सारखाच भार (व्यायामाने शरीरावर पडलेल्या ताणाचा आकडा) दिला. पण पोहून आल्यावर तुम्ही पार गळून जाता. जिमच्या दिवशी तर घड्याळाच्या मते काही घडलेलंच नसतं. शिवाय तलावात ठोके मधेच गायब होतात. तर हृदयगतीवरून वेगवेगळ्या खेळांची बेरीज करावी का?

करावी. मात्र ती बेरीज हृदयाची असते, पायांची नव्हे. हे मी नडगी दुखावून घेऊन शिकले, ते पुढे सांगते.

मी कोल्हापूरची, कॉलेजात गणित शिकवते, वय ४७. हे तिन्ही खेळ हौसेने करते. डॉक्टर नाही, कोचही नाही. आकडेमोडीची खोड तेवढी आहे.

आधी तुमच्या १४५ चं बघू. हा आकडा एकटा घेतला तर त्याला अर्थ नाही. तुमच्या नाडीचा तळ ५२ आणि माथा १८४, म्हणजे मधे १३२ ठोक्यांची जागा. याला राखीव हृदयगती म्हणतात. फिनलंडच्या कार्वोनेन यांच्या १९५७ च्या कामापासून हा हिशेब रूढ झाला. १४५ वर तुम्ही तळापासून ९३ ठोके वर आहात. ९३ भागिले १३२, म्हणजे साधारण ०.७०. राखीवपैकी सत्तर टक्के वापरले.

यावरून भार काढायचं सूत्र कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर यांचं. १९७५ च्या सुमारास त्यांनी सरावाचा परिणाम गणितात बसवायला सुरुवात केली आणि पुढे त्यातून 'ट्रेनिंग इम्पल्स', म्हणजे ट्रिम्प, हे माप आलं. मिनिटं गुणिले राखीवचा हिस्सा गुणिले एक वजन, म्हणजे जोराबरोबर वाढत जाणारा गुणक. पुरुषांसाठी हे वजन म्हणजे ०.६४ गुणिले ई चा (१.९२ × हिस्सा) हा घात, बायकांसाठी ०.८६ आणि १.६७. ई म्हणजे आपला नेहमीचा २.७१८. वजन घातांकी ठेवलंय कारण जोर वाढवत नेला की रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) सरळ रेषेत वाढत नाही, शेवटी शेवटी एकदम उसळतं. त्यामुळे राखीवच्या ५० टक्क्यांवर घालवलेल्या एका मिनिटाला ०.८४ गुण मिळतात, तर ९० टक्क्यांवरच्या मिनिटाला ३.२४, म्हणजे जवळजवळ चौपट. ज्याने कधी चढावर शेवटची दोनशे मीटर जीव काढून मारली आहेत त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

तुमचं तासभर धावणं पुरुषांच्या या सूत्राने १०५ गुणांचं होतं.

आता पोहणं. इथे घड्याळाने (किंवा घड्याळात माहिती भरणाऱ्याने, रागावू नका) एक चूक केली आहे. त्याने पोहण्यालाही माथा १८४ चाच धरला. पाण्यात तुमचे ठोके बहुधा १८४ पर्यंत जाणारच नाहीत. तुम्ही आडवे असता, त्यामुळे पायांकडचं रक्त हृदयाकडे परत यायला गुरुत्वाकर्षणाशी झगडावं लागत नाही. पाण्याचा दाब हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. हृदय दर ठोक्याला जास्त भरतं आणि कमी ठोक्यांत तेवढंच काम उरकतं. तोंड पाण्यात गेलं की नाडी उतरवणारी एक जन्मजात प्रतिक्रियाही असते, पाणी अंगाची उष्णता काढून घेतं, आणि फ्रीस्टाइलमध्ये मुख्य काम हात-खांद्यांचं, म्हणजे मांड्यांपेक्षा लहान स्नायूंचं. हे सगळं मिळून पोहण्याचा माथा धावण्याच्या माथ्यापेक्षा सहसा १० ते १५ ठोक्यांनी खाली असतो. सायकलवर तो ५ ते १० नी खाली. बसून चालवता, शरीराचं वजन खोगीर पेलतं. मुरलेल्या सायकलवाल्यांत हा फरक जवळजवळ उरत नाही, आणि नवशिक्या पोहणाऱ्यात तो जास्तच असतो, कारण दम लागायच्या आधी हातच दगडासारखे होतात.

समजा तुमचा पोहण्याचा माथा १७० आहे. मग तेच ९३ ठोके ११८ पैकी झाले, हिस्सा ०.७९, आणि तासाचे गुण १३७. सायकलचा माथा १७७ धरला तर १४५ वरचा तास ११९ चा. नाडी तीच, वेळ तोच, आणि भार १०५, ११९, १३७. धावणं आणि पोहणं यांत तीस टक्क्यांचा फरक. तुम्ही गळून जाता ते उगाच नाही; तुमचं शरीर घड्याळापेक्षा बरा हिशेब करत होतं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक खेळाचा माथा वेगळा काढा आणि घड्याळात वेगळा भरा. बहुतेक घड्याळांत खेळागणिक झोन (ठोक्यांचे पाडलेले टप्पे) ठेवायची सोय असते, लोक ती उघडून बघत नाहीत. २२० वजा वय यावर जाऊ नका. ४१ ला ते १७९ देतं. त्यापेक्षा नवं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्रही १७९ च देतं (चाळिशीत ही दोन्ही सूत्रं एकमेकांना भेटतात, विशीत आणि साठीत फारकत घेतात), आणि तुमचा खरा माथा १८४ निघाला. पाचच ठोक्यांवर सुटलात; दहा-बारा ठोक्यांनी चुकणारी माणसं कितीतरी असतात.

माथा काढायचा म्हणजे खरोखर शेवटच्या टोकापर्यंत जायचं. चाळिशी ओलांडलेली आहे, घरात कुणाला हृदयविकार, स्वतःला रक्तदाब, छातीत कधी काही जाणवलेलं असं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. किंवा माथ्याऐवजी थ्रेशोल्ड काढा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जोरावरचे ठोके. मला तोच मार्ग जास्त आवडतो: नीट वॉर्म-अप करून एकट्याने तीस मिनिटं, टिकेल तेवढ्या जोरात, आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी. धावण्यासाठी एकदा, सायकलसाठी एकदा, दोन्हींत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवून. माझा धावण्याचा १६६ आला, सायकलचा १५९. थ्रेशोल्डवरचा एक तास म्हणजे १०० गुण अशीही एक पद्धत आहे, अँड्र्यू कॉगन यांनी सायकलच्या पॉवर मीटरसाठी (पायडलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्रासाठी) बसवलेली. तिची हृदयगतीवर चालणारी आवृत्ती बऱ्याच ॲपांत असते. कोणती का वापराना, दोन पद्धतींचे गुण एका वहीत मिसळू नका.

झोनला १ ते ५ गुण देऊन मिनिटांनी गुणायची सोपी पद्धतही लोक वापरतात. कागदावर करायला ती छान. फक्त तिला पायऱ्या आहेत, चौथी ८० टक्क्यांना सुरू होते. कमाल हृदयगतीच्या ७९ टक्क्यांवर तासभर गेलात तर १८०, ८० टक्क्यांवर गेलात तर २४०. दोन ठोक्यांनी साठ गुण. चहा पिऊन गेलात तरी झोन बदलेल.

आणि हो, पूर्ण सत्राची सरासरी सूत्रात टाकू नका. अर्धा तास ५० टक्क्यांवर आणि अर्धा तास ९० टक्क्यांवर गेला तर सरासरी ७० टक्के येते आणि गुण १०३ होतात. तेच मिनिटामिनिटाला काढून मिळवले तर १२२. वक्र वर वळणारा असला की सरासरीचं फळ नेहमी फळांच्या सरासरीपेक्षा कमी येतं. ही असमता मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी मुलं विचारतात याचा उपयोग काय. बॅडमिंटन, फुटबॉल, इंटरव्हल असल्या चढउताराच्या सत्रांत हा फरक लक्षात येण्याइतका असतो.

आता नडगी.

एका वर्षी मी आठवड्याला साधारण ६०० गुण असा नेम केला होता आणि पाळत होते. पन्हाळ्याच्या बाजूला सायकल, राजाराम तलावावर पोहणं, दोनदा धावणं. मग पावसाळा लागला. ओल्या घाटात सायकल नको म्हणून ते तीन-साडेतीन तास मी धावण्याकडे वळवले. गुण तेच, ६००. आलेख सपाट, सुंदर, घड्याळ खूश. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला एका बोटाएवढ्या जागी दुखायला लागलं, आधी धावताना, मग जिना उतरताना, मग रात्री झोपेतही. हाडावर ताण आलेला. दोन महिने धावणं बंद.

हृदयाच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, आणि घड्याळ खोटंही बोललं नव्हतं. पण सायकलवर पाय जमिनीवर आपटत नाही. धावताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त मार. तो मार हाड सोसतं, आणि हाडाची नाडी मनगटावर लागत नाही. उतारावर धावणं तर याचं टोकाचं उदाहरण. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना ठोके छताला लागतात आणि उतरताना खाली येतात. गुण सगळे चढाचे. दुसऱ्या दिवशी मांड्या कशाने धरल्या असतात? उताराने. लांबत जाणारा स्नायू ब्रेक लावत असतो, प्राणवायू कमी खातो आणि फाटतो मात्र जास्त.

तेव्हापासून मी दोन वह्या ठेवते. एकीत सगळ्या खेळांचे गुण एकत्र, ही हृदयाची. दुसरीत फक्त धावण्याची मिनिटं आणि उतार, ही पायांची. पहिलीतला आकडा सपाट असला तरी दुसरीतला उसळला की मी थांबते. घड्याळातला ७ दिवसांचा भार भागिले २८ दिवसांतला आठवड्याचा सरासरी भार, तो ०.८ ते १.३ मध्ये राहिला की सुरक्षित, असा एक नियम २०१६ च्या सुमारास फार गाजला. नंतर त्याच्या गणितावरच संशोधकांनी जोरदार टीका केली. माझ्या नडगीच्या महिन्यात तो भागाकार १ च्या आसपास होता, त्यामुळे माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते कळेलच.

जिमचं दुखणं आणखी वेगळं आहे. तुमच्या ५० मिनिटांच्या वजनांच्या सत्रात, मधल्या विश्रांतीसकट, सरासरी ठोके १०५ च्या आसपास असतील. सूत्र त्याला २८ गुण देतं. स्क्वॉटच्या पाचव्या सेटला ठोके चढतात तेही प्राणवायूच्या मागणीने कमी आणि श्वास रोखून स्नायू आवळल्यामुळे जास्त. म्हणजे जे ठोके दिसतात ते वेगळ्या कारणाचे, आणि जी झीज झाली ती दिसतच नाही.

माझा भाचा तालमीत जातो. एकदा हौसेने माझं घड्याळ मागून घेतलं. पहाटे जोर, बैठका, मग लाल मातीत लढती. लढतीत घड्याळ काढून ठेवावं लागलं, तेव्हा नोंद झाली ती जोर-बैठकांचीच, आणि घड्याळाने निकाल दिला: हलका व्यायाम. पठ्ठ्याला दुसऱ्या दिवशी जिना धरून उतरावं लागत होतं. कबड्डीचंही तेच. चढाई ३० सेकंदांची. नाडीला जोराच्या मागे धावत यायलाच तेवढा वेळ लागतो. ती वर पोचते तेव्हा चढाईपटू परत मैदानात उभा असतो. २०-२० मिनिटांच्या दोन डावांतली खरी कमाल कामगिरी ठोक्यांत पुसट होऊन येते.

अशा ठिकाणी मी अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत वापरते. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, एकूण कसं गेलं? ० म्हणजे बसून होतो, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. तो आकडा गुणिले मिनिटं. तालमीतले वस्तादही पोराचं तोंड बघून हाच प्रश्न विचारतात, फक्त गुणाकार करत नाहीत. अर्धा तास थांबायचं कारण हे की सत्राचा शेवट जोरात झाला असेल तर लगेच दिलेलं उत्तर त्या शेवटच्या पाच मिनिटांचं असतं.

हे गुण ट्रिम्पमध्ये थेट मिळवता येत नाहीत, पण तुमचा स्वतःचा विनिमय दर काढता येतो. महिना-दीड महिना सगळ्या धावण्यांची दोन्ही मापं लिहा. समजा तुमच्या १०५ गुणांच्या धावण्याला तुम्ही ४ दिलेत, तर ६० गुणिले ४ म्हणजे २४०. दर झाला साधारण २.३. आता ५० मिनिटांच्या जिमला ७ दिलेत तर ३५०, भागिले २.३, म्हणजे १५० च्या घरात. सूत्र म्हणत होतं २८. दीडशे अगदी नेमका आहे असा माझा दावा नाही, पण २८ पेक्षा तो सत्याच्या कितीतरी जवळ आहे आणि उद्या लॉन्ग रन ठेवावा की नाही हे ठरवायला पुरतो. धावण्याच्या नोंदीच आधार म्हणून घ्या, कारण नाडी तिथे सर्वांत प्रामाणिक असते.

उन्हाचं मात्र वेगळं. पणजीच्या हाफ आयर्नमॅनला, १.९ किलोमीटर पोहून आणि ९० किलोमीटर सायकल चालवून धावायला उतरलात की कोल्हापुरातल्या सकाळच्या वेगालाच ठोके दहा-बारा जास्त दाखवतात. घाम जातो, रक्तातलं पाणी कमी होतं, त्वचेकडे रक्त पाठवावं लागतं. एका ठोक्यात कमी रक्त जातं म्हणून ठोके वाढतात. लोक म्हणतात हे वाढीव गुण खोटे. मला ते खरे वाटतात. हृदयाने ते काम केलंय आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते जाणवणार आहे. पायांच्या वहीत मात्र त्यासाठी एक ओळही वाढवायची नाही. खोटे गुण म्हणजे परीक्षेच्या निकालाच्या बैठकीत माझ्या घड्याळाने दिलेले. प्राचार्य बोलत होते आणि माझे ठोके ११२. सराव सुरू केल्याचं बटण दाबाल तेवढाच वेळ मोजा.

तुमच्या आठवड्यापुरतं सांगायचं तर: धावणं, पोहणं, सायकल तिघांचे वेगळे माथे भरून ट्रिम्प काढा आणि मिळवा. जिम फॉस्टरच्या पद्धतीने, आपल्या दराने बदलून. धावण्याची मिनिटं शेजारी वेगळी. पहिले सहा आठवडे या आकड्यांवरून काहीही बदलू नका, नुसते लिहा. तुमचा नेहमीचा आठवडा किती गुणांचा असतो हे कळल्याशिवाय जास्त काय आणि कमी काय ते ठरत नाही. माझ्या ६०० शी तुमच्या आकड्याची तुलना तर अजिबात करू नका, बायकांचे आणि पुरुषांचे स्थिरांकच वेगळे आहेत.

राहता राहिला तलावात गायब होणाऱ्या ठोक्यांचा प्रश्न. मनगटावरचं घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचं रक्त वाचतं, आणि पाणी त्या दोघांच्या मधे शिरतं. कधी तर ते नाडी सोडून हात मारण्याचा तालच नाडी म्हणून मोजतं. छातीचा पट्टा घ्या, पण पोहण्याच्या नोंदी स्वतःत साठवणारा घ्या, कारण ब्लूटूथ पाण्यातून जात नाही; काठावर आलात की मग तो घड्याळाला सगळं सांगतो. आम्हा बायकांचा पट्टा पोशाखाखाली दबून राहतो. पुरुषांचा मात्र भिंतीला लाथ मारून सुटलात की कमरेला येतो, माझ्या ओळखीतल्या निम्म्यांची हीच तक्रार. तसं झालं तर पट्टा ओला करून एक घर घट्ट बांधून बघा, किंवा त्यावरून ट्रायसूट (ट्रायथलॉनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) घाला. तेही नको असेल तर शंभर मीटर संपताक्षणी काठ धरा, दोन बोटं मानेला लावा, दहा सेकंद मोजा आणि सहाने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, तेवढ्यात ठोके वीस-तीसने उतरलेले असतात.